इयत्तांची शिडी

जून महिना उजाडला, पावसाची पहिली सर येऊन गेली, म्हणजे घरोघरीं नव्या पुस्तकांना वेष्टणें घालण्याची गडबड सुरू होते. अशा वेळीं घरीं आलेले मामा किंवा काका मुलाला जवळ ओढून पहिला प्रश्न करतात, तो "काय रे, आतां कितवींत गेलास?" हाच असतो, आणि मुलगाही छाती पुढें काढून "चौथींत" असें सांगतो. त्या एका शब्दांत पुष्कळ गोष्टी येऊन जातात. मुलाचें वय अदमासानें कळतें, त्याला कोणतें गणित येत असावें तें कळतें, गेल्या परीक्षेंत तो पार पडला हेंही कळतें. विचारणाऱ्याचें समाधान होतें आणि खाऊची पुडी मुलाच्या हातीं पडते.

हाच प्रश्न पेशवाईच्या अखेरीस पुण्यांतल्या एखाद्या मुलाला कोणीं विचारला असता, तर तो गोंधळून पाहत राहिला असता. त्या काळीं कोणताही मुलगा 'कितवींत' नसे. तो धुळाक्षरें काढीत असे, कित्ता गिरवीत असे, दिडकीवर आलेला असे, किंवा जमाखर्च लिहावयास शिकत असे. शाळेंत पंतोजी होते व मुलें होतीं. वर्ग मात्र नव्हते. 'इयत्ता' हा शब्द संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'इतकेपणा', म्हणजे मर्यादा किंवा मोजमाप असा आहे. हें मोजमाप आपल्या शाळांत केव्हां आलें, तें कशासाठीं आलें, आणि त्याच्या पहिल्या पायरीशीं कोणाकोणाला ताटकळत उभें राहावें लागलें, ही हकीकत प्रत्येक सुशिक्षित घरानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

प्रथम पंतोजींची शाळा पाहूं. तिला स्वतःची इमारत क्वचितच असे. एखाद्या सधन गृहस्थाच्या वाड्याची ओसरी, देवळाचा सभामंडप, नाहीं तर पंतोजींचें स्वतःचें घर, हीच शाळा. मुहूर्तावर मुलाचें नांव घालीत व 'ॐ नमः सिद्धं' या अक्षरांनीं त्याच्या विद्येला आरंभ होई. त्यावरूनच कोणत्याही आरंभाला 'ओनामा' म्हणण्याची चाल पडली. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरावी, तींत काडीनें अक्षर काढावें, चुकलें तर हात फिरवून पुन्हां धूळ सारखी करावी, असा लेखनाचा पहिला पाठ असे. हात वळला म्हणजे कागद व बोरू मिळे आणि मोडीचा कित्ता सुरू होई.

पाढ्यांचें प्रस्थ मोठें होतें. तिसापर्यंतचे साधे पाढे झाल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची पाळी येई. ज्या काळीं बाजाराचा सारा व्यवहार पावशेर, अच्छेर आणि दीडशेर यांनीं चाले, त्या काळीं हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे मुलाच्या हातांतलें हत्यारच होतें. संध्याकाळीं सर्व मुलें एकत्र बसून मोठ्यानें परवचा म्हणत, आणि गल्लींतल्या बायाबापड्यांना घड्याळावांचून दिवेलागणीची वेळ कळे. शिक्षा कडक होत्या. अंगठे धरून ओणवें उभें राहणें ही सौम्य शिक्षा गणली जाई. छडी तर नित्याचीच होती. पंतोजींना मिळे तें थोडें धान्य, सणावारीं शिधा आणि दसऱ्याच्या पाटीपूजनाची दक्षिणा. एवढ्यावर त्यांचा चरितार्थ चाले.

या शाळेंत दोन गोष्टी विशेष होत्या. पहिली ही कीं, प्रत्येक मुलगा आपापल्या चालीनें पुढें जाई. ज्याला सवायकी एका महिन्यांत आली तो दिडकीकडे वळे. ज्याला तीन महिने लागले तो तीन महिने घोकी. 'नापास' हा शब्दच नव्हता. दुसरी गोष्ट अशी कीं, पंतोजी एकटे व मुलें अनेक असल्यामुळें मोठा मुलगा धाकट्याला शिकवी. ज्याचे पाढे पक्के झाले तो चार मुलांना पुढें बसवून ते म्हणवून घेई. शिकवितां शिकवितां त्याचें स्वतःचें ज्ञान पक्कें होई.

अशा शाळा थोड्याथोडक्या नव्हत्या. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं असा अभिप्राय लिहून ठेवला कीं, आपल्या मुलुखांत लहानमोठें असें गांव क्वचितच सांपडेल जेथें निदान एक शाळा नाहीं. पुढें १८२९ सालीं सरकारनें गणती केली तेव्हां इलाख्यांत १,७०५ शाळा आणि सुमारें ३५,००० विद्यार्थी आढळले. मात्र लोकवस्ती पाऊण कोटीच्या आंत, म्हणजे सुमारें ४७ लक्ष होती हें ध्यानांत घेतलें, तर गांवोगांवच्या त्या ओसरीवर किती थोडीं मुलें बसत होतीं तेंही कळून येतें. जीं बसत होतीं त्यांत मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि महार, मांग, चांभार यांचीं मुलें तर मुळींच नव्हतीं. ज्या शाळेला भिंती नव्हत्या तिचा उंबरठा मात्र फार उंच होता.

मोठ्या मुलानें धाकट्याला शिकवावें या आपल्याकडील साध्या रीतीनें एकदां सातासमुद्रांचा प्रवास केला. डॉक्टर अँड्र्यू बेल नांवाचे एक स्कॉच धर्मोपदेशक १७८९ सालीं मद्रासेजवळ एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमशाळेवर देखरेखीसाठीं नेमले गेले. तेथील शिक्षक कंटाळलेले व मुलें मागें पडलेलीं. एके दिवशीं सकाळीं घोड्यावरून जात असतां त्यांना एक मलबारी शाळा दिसली. मुलें जमिनीवर वाळू पसरून तींत बोटानें अक्षरें काढीत होतीं. बेलसाहेबांनीं ही युक्ति आपल्या शाळेंत आणण्याचें ठरविलें. शिक्षकांनीं टाळाटाळ केली, तेव्हां त्यांनीं जॉन फ्रिस्केन नांवाच्या आठ वर्षांच्या मुलालाच धाकट्या वर्गाचा शिक्षक केलें. तो प्रयोग साधला. १७९७ सालीं त्यांनीं लंडनमध्यें आपल्या अनुभवाचें पुस्तक छापलें. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकेस्टर यांनीं लंडनच्या साउथवर्क भागांत गरिबांच्या मुलांसाठीं तशाच धर्तीची शाळा चालविली. मुळांत ही पद्धति कोणाची यावर पुढें तिकडे दोन पक्ष पडून कडाक्याचा वाद झाला. ज्या मलबारी पंतोजींच्या अंगणांतून वाळूचें बी गेलें, त्यांचें नांव त्या वादांत कोणीं घेतलें नाहीं. तें कोणाला ठाऊकही नव्हतें.

तीच रीत इंग्रजी वेष धारण करून मुंबईस परत आली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दींत हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. देशी भाषांत पुस्तकें छापावीं, शिक्षक तयार करावे आणि शाळा काढाव्या, हें तिचें काम. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिच्या एतद्देशीय चिटणीसांपैकीं. त्यांची 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' हीं पुस्तकें पुढें कित्येक पिढ्यांनीं वाचलीं. कॅप्टन जॉर्ज जार्विस यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं व शिक्षकांची एक तुकडी तयार केली. १८२६ सालीं त्यांनीं शिकविलेले चोवीस शिक्षक कोंकण, देश आणि गुजराथ या भागांतल्या गांवीं रवाना झाले. त्यांच्याजवळ छापील पुस्तकें होतीं. ही गोष्ट वरकरणीं लहान दिसते, परंतु इयत्तेचा पाया तीच आहे. सर्व मुलांच्या हातीं एकच पुस्तक असल्यावांचून सर्वांना एकाच पायरीवर उभें करतां येत नाहीं. पंतोजींच्या शाळेंत पुस्तक म्हणून नव्हतें, म्हणून वर्गही नव्हता.

इयत्तेला पक्कें रूप आलें तें १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर. १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत विद्याखातें निघालें. खातें आलें म्हणजे नियम आले, नियमाबरोबर हजेरीपट, अभ्यासक्रम आणि वार्षिक परीक्षा आली. मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालीं क्रमिक पुस्तकें तयार झालीं. 'क्रमिक' हा शब्दच बोलका आहे. पहिल्या पुस्तकावांचून दुसरें नाहीं आणि दुसऱ्यावांचून तिसरें नाहीं. पुढें स्थिर झालेल्या रचनेंत सर्वांत खालीं बिगरी, तिच्यावर मराठी पहिलीपासून सातवीपर्यंतच्या इयत्ता. चौथी झाल्यावर ज्याला ऐपत असेल त्यानें इंग्रजी पहिलींत जावें, तेथून इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकपर्यंत चढावें. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींत उत्तीर्ण झाले. शिडीच्या शेवटच्या पायरीवर कोण पोंचूं शकतो तें लोकांना त्या दिवशीं दिसलें.

अशा एखाद्या तालुक्याच्या मराठी शाळेंतून त्या काळीं एक फेरी मारली असती तर काय दिसलें असतें? दाराजवळ बिगरीचीं मुलें. एक जण तक्त्यावर छडी ठेवतो, बाकीचे सुरांत अक्षर म्हणतात. शेजारीं पहिली, तेथें बाराखडी संपून जोडाक्षरें आलीं आहेत, आणि दगडी पाटीवर पेन्सिलीचा कर्कश आवाज चालला आहे. दुसरींत बेरीज-वजाबाकी व सोप्या गोष्टी. भूगोल शिकविण्याची तऱ्हा मोठी शहाणपणाची होती. आधीं शाळेचा नकाशा, मग गांवाचा, मग तालुका व जिल्हा, पुढें इलाखा, त्यानंतर हिंदुस्थान आणि शेवटीं पृथ्वी, असा तो जवळून दूर जाई. वरच्या इयत्तांत त्रैराशिक, व्याज, मोडी वाचन आणि मराठ्यांचा इतिहास. व्याकरण दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं घालून दिलेल्या वाटेनें चाले. कवितेसाठीं परशुरामतात्या गोडबोले यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध केलेलें 'नवनीत' असे. त्यांतल्या आर्या पाठ करतांना मुलांची दमछाक होई, पण म्हातारपणीं नातवंडांपुढें त्याच आर्या धडाधड म्हणून दाखविणारे आजोबा घरोघरीं असत.

वर्षांतला मोठा दिवस दिपोटींच्या तपासणीचा. डेप्युटी इन्स्पेक्टर हें नांव लोकांच्या जिभेवर 'दिपोटी' झालें होतें. शाळा सारवून घ्यावी, दारावर तोरण बांधावें, मुलांनीं धुतलेले सदरे घालून यावें, आणि शिक्षकानें आदल्या रात्रीं झोंप घेऊं नये, असा तो दिवस. दिपोटींनीं विचारावें, मुलानें उत्तर द्यावें, आणि नांवापुढें खूण पडावी. ती खूण म्हणजे वरच्या इयत्तेचा परवाना. १८६० च्या दशकांत इलाख्यांतील खासगी शाळांच्या सरकारी मदतीची सांगड परीक्षेच्या निकालाशीं घालण्यांत आली. जितकीं मुलें पास तितका पैसा, असा तो हिशेब. तेव्हांपासून मंद मुलगा हा शिक्षकाच्या दृष्टीनें काळजीचा विषय न राहतां तोट्याचा विषय झाला. मागच्या बांकावर ढकललेल्या मुलाचा इतिहास तेथून सुरू होतो.

इयत्तेचा हा एक दोष झाला. तिचा गुण मात्र याहून मोठा आहे, आणि तो समजण्यास तिच्या बाहेर ठेवलेल्या मुलांकडे पाहावें लागतें. पंतोजींच्या शाळेंत प्रवेश देणें हें पंतोजींच्या व गांवाच्या मर्जीवर होतें. तेथें हक्क म्हणून कोणाला कांहीं मागतां येत नव्हतें. सरकारी पैशानें चाललेली, सर्वांना एकच पुस्तक लावणारी आणि चारचौघांत परीक्षा घेणारी शाळा निघाली, तेव्हां प्रथमच एखाद्या नाकारलेल्या मुलाला "ही पायरी माझीही आहे" असें म्हणण्यास आधार मिळाला.

पुण्यांत जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा सुरू केली. ती कांहीं काळ बंद पडली, पण उद्योग थांबला नाहीं. ३ जुलै १८५१ रोजीं बुधवार पेठेंत चिपळूणकरांच्या वाड्यांत पुन्हां शाळा उघडली तेव्हां पहिल्या दिवशीं आठ मुली आल्या. त्याच सालच्या सप्टेंबरांत रास्ता पेठेंत दुसरी, आणि १८५२ च्या मार्चांत वेताळ पेठेंत तिसरी शाळा निघाली. सावित्रीबाई शाळेला जात तेव्हां वाटेंत शेण व चिखल त्यांच्या अंगावर येई, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या शाळांची एक गोष्ट त्या मानानें कमी सांगितली जाते, ती म्हणजे त्यांची परीक्षा.

१२ फेब्रुवारी १८५३ या दिवशीं पूना कॉलेजाच्या आवारांत या शाळांतील २३७ मुलींची जाहीर परीक्षा झाली. पाहावयास सुमारें तीन हजार माणसें लोटलीं होतीं. तो देखावा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. ज्या पुण्यांत मुलीनें पाटी हातांत घेतली तर ती विधवा होते असें म्हणणारे शेकड्यांनीं होते, त्याच पुण्यांत, तीन हजार डोळ्यांच्या जोड्यांसमोर, परकऱ्या मुली प्रश्नांचीं उत्तरें देत होत्या. मुलींना विद्या येते कीं नाहीं या प्रश्नावर वर्षानुवर्षें वाद घालतां आला असता. परीक्षेनें तो वाद एका दिवसांत निकालांत काढला. इयत्तेचें खरें सामर्थ्य हें होतें. जें मुलाला येतें तें ती सर्वांच्या देखत मोजून दाखवी, आणि मोजल्यावर नाहीं म्हणण्याची सोय उरत नसे.

जोतीरावांच्याच शाळेंत मुक्ता नांवाची मांग जातीची एक मुलगी शिकत होती. अवघीं दोनतीन वर्षें शिकून तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. बाराखडीपासून निघालेली एक मुलगी इतक्या थोड्या काळांत आपल्या समाजाचें गाऱ्हाणें छापील अक्षरांत जगापुढें मांडते, याहून शाळेचें मोठें प्रगतिपुस्तक दुसरें कोणतें असणार?

सर्वांनाच जोतीराव भेटत नव्हते. १८५६ च्या जूनमध्यें धारवाडच्या एका महार मुलानें सरकारकडे अर्ज केला कीं, मला येथील सरकारी शाळेंत घेत नाहींत. हा अर्ज इलाख्यांतल्या शिक्षणाच्या इतिहासांत फार महत्त्वाचा आहे. मुंबई सरकारनें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे खरा, परंतु एका मुलासाठीं सरकारनें हात घातला तर बाकीचे सगळे शाळा सोडून जातील. पुढें हें प्रकरण विलायतेस गेलें आणि सरकारी शाळा सर्व वर्गांसाठीं आहेत असें तत्त्व १८५८ सालीं सांगण्यांत आलें. तत्त्व कागदावर राहिलें. त्या मुलाचें शिकण्याचें वय तेवढें निघून गेलें. सरकारनें त्याला तूं चुकतोस असें म्हटलें नव्हतें. तुझें बरोबर आहे, पण तुला मिळणार नाहीं, असें म्हटलें होतें.

आणि पायरीवर पाऊल पडलें तरी बसावयाची जागा सारखी मिळेल असेंही नव्हतें. साताऱ्याच्या शाळेंत शिकत असतां भीमराव आंबेडकर या मुलाला बसण्यासाठीं घरून गोणपाट न्यावें लागे. तें तो संध्याकाळीं परत घेऊन येई, कारण शाळेचा शिपाई त्याला शिवत नसे. तहान लागली तरी शिपायानें वरून पाणी घातल्यावांचून प्यावयाचें नाहीं. ही आठवण बाबासाहेबांनीं स्वतः लिहून ठेवलेली आहे. इयत्ता तीच, पुस्तक तेंच, प्रश्नपत्रिका तीच. गोणपाट तेवढें निराळें. त्याच मुलानें १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिकची परीक्षा दिली व ती तो पास झाला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर गोणपाटाची नोंद नसते. म्हणून ज्यांना समाजानें मोजमापाबाहेर टाकलें होतें, त्यांना या मोजमापाचा आधार इतका वाटला.

परंतु शिडी बांधली म्हणजे सगळे चढतात असें नाहीं. वरच्या पायऱ्यांवर सरकारचा पैसा व समाजाचें लक्ष, आणि खालच्या पायऱ्यांवर गर्दी व गळती, अशी स्थिति राहिली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें. सरकारचें उत्पन्न रयतेच्या श्रमांतून येतें आणि खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, आणि त्यांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांबरोबर शेतकी व आरोग्य यांचें सामान्य ज्ञान असावें, असें त्यांचें म्हणणें होतें. पहिल्या चार पायऱ्या रुंद करा, म्हणजे वर जाणारे आपोआप वाढतील, हा त्याचा सरळ अर्थ.

तें म्हणणें कानावर घेण्यास फार वर्षें लागलीं. १८८४ सालीं पुण्यांत हुजूरपागेंत मुलींचें हायस्कूल निघालें व मुलींना वरच्या पायऱ्या मोकळ्या होऊं लागल्या. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेलींत प्रयोग करून १९०६ सालीं सबंध संस्थानांत सक्तीचें प्राथमिक शिक्षण लागू केलें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत यासाठीं बिल आणलें. तें पुढल्या वर्षीं नामंजूर झालें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा आरंभ केला, आणि दोन वर्षांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेंत घेण्याचा हुकूम काढला. विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें मुंबई इलाख्याचा पहिला प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१८ सालीं झाला. धारवाडच्या त्या अर्जाला तोंवर बासष्ट वर्षें होऊन गेलीं होतीं.

स्वातंत्र्यानंतर शिडीच्या पायऱ्या अनेकदां बदलल्या. मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा आली. मराठी चार व इंग्रजी सात मिळून अकरा इयत्तांची सलग मोजणी झाली. १९७५ सालीं अकरावीच्या जागीं दहावी शेवटची ठरली. मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेंतून निघून गेली, औटकी व अडीचकी मापांबरोबर गेल्या. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला शोभेल त्या इयत्तेंत घ्यावें असें सांगितलें, आणि आठवीपर्यंत कोणालाही मागें ठेवण्यास मनाई केली. १९३० सालच्या एखाद्या हेडमास्तरांनीं हें वाचलें असतें तर त्यांनीं कपाळाला हात लावला असता. दहा वर्षांनीं, २०१९ सालीं, कायद्यांत दुरुस्ती होऊन पांचवी व आठवीला परीक्षा घेऊन मागें ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. मुलानें इयत्तेच्या चालीनें चालावें, कीं इयत्तेनें मुलाच्या चालीनें, हा प्रश्न दोनशें वर्षांपूर्वींच्या ओसरीवर नव्हता. तो इयत्तेबरोबर जन्मला आणि अजून सुटलेला नाहीं.

एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहण्यासारखी आहे. डोंगराळ भागांत, वाड्यावस्त्यांवर, आजही जिल्हा परिषदेच्या पुष्कळ लहान शाळांत दोन शिक्षक आणि चार किंवा पांच इयत्ता असतात. एक शिक्षक कामानिमित्त तालुक्याला गेला म्हणजे उरलेल्या एकाला सगळा संसार सांभाळावा लागतो. अशा वेळीं चौथींतली एखादी मुलगी पहिलीच्या मुलांना घेऊन बसते, स्वतः अक्षर म्हणते आणि त्यांच्याकडून म्हणवून घेते. कोणीं तिला ही पद्धति शिकविलेली नसते. मद्रासेच्या बेलसाहेबांचें किंवा ओसरीवरच्या पंतोजींचें नांवही तिनें ऐकलेलें नसतें. तपासणीच्या कागदांत हें काम कोठें लिहिलें जात नाहीं, आणि तिच्या प्रगतिपुस्तकांत त्याला गुण नाहींत.

तरी पण तेथें जुन्या शाळेंतलें जें चांगलें तें व नव्या शाळेंतलें जें चांगलें तें, दोन्ही एका खोलींत नांदतें. मोठें मूल धाकट्याचा हात धरतें, ही पंतोजींच्या शाळेची ठेव; आणि तो हात धरणारें मूल एक मुलगी आहे, शेजारीं कोणाचें गोणपाट निराळें नाहीं, ही इयत्तेची मिळकत. पुढच्या जूनमध्यें घरीं आलेल्या पाहुण्यांनीं मुलाला "कितवींत गेलास?" हें जरूर विचारावें. त्याच्या जोडीला "यंदा तूं कोणाला शिकविलेंस?" असेंही विचारून पाहावें.